घरच्या बागेत कळलावी: कंद लावण्यापासून साठवणीपर्यंत

श्रावण-भाद्रपदात करवंदीच्या जाळीवर किंवा रस्त्याकडेच्या कुंपणावर पेटत्या ज्योतीसारखी वर वळलेली लाल-पिवळी फुले दिसतात, ती कळलावीची. अग्निशिखा, खड्यानाग, वाघनखी ही तिचीच नावे. काही भागांत या फुलांना गौरीचे हात म्हणतात. तमिळनाडूचे हे राज्यपुष्प आहे आणि झिम्बाब्वेचे राष्ट्रीय फूल. अशी वेल आपल्याही दारात असावी असे वाटणे साहजिक आहे. मलाही तसेच वाटले आणि गेली नऊ वर्षे साताऱ्याजवळच्या आमच्या आवारात मी ती वाढवत आलो आहे. या काळात कंद कुजले, कोंब मोडले, वेल अळ्यांनी खाल्ली. ते सारे भरून निघाले. एक चूक मात्र घरच्यांच्या जिवावर बेतली असती, आणि तिच्यामुळेच हा लेख लिहायला बसलो.

कळलावी ही मुळापासून बीपर्यंत विषारी आहे. तिच्यातील मुख्य विष कोल्चिसिन. ते सर्व भागांत असते, पण कंदात आणि बियांत सर्वाधिक. शिजवल्याने किंवा उकडल्याने ते नाहीसे होत नाही. गाउट या सांध्यांच्या आजारावर हेच द्रव्य औषध म्हणून देतात आणि त्या गोळीत ते अवघे अर्धा मिलिग्रॅम असते. कंदाचा एखादा तुकडाही जीवघेणा का ठरतो, याची कल्पना यावरून यावी.

नऊ वर्षांनंतर माझे मत असे झाले आहे की, फुललेल्या वेलीला फारसे भ्यायचे कारण नाही, कारण तिला सगळे ओळखतात आणि तिच्यापासून जपून राहतात. खरी भीती कंद जमिनीबाहेर असतो त्या पाच-सहा महिन्यांची आहे. पाने नाहीत, फुले नाहीत, आणि टोपलीत पडलेला तो तपकिरी कंद रताळ्याचा सख्खा भाऊ वाटतो. पुढच्या बहुतेक सूचना या एकाच गोष्टीभोवती फिरतात.

१. आधी घर पाहा, मग कुंडी

घरात पाच-सहा वर्षांखालील मूल असेल, मोकळी फिरणारी शेळी, गाय, कुत्रा किंवा मांजर असेल, किंवा विसराळूपणा वाढलेली वृद्ध व्यक्ती असेल, तर काही वर्षे थांबावे, असे माझे स्पष्ट मत आहे. घरात कोणी गरोदर असेल तर तिने या वेलीच्या कंदाला व बियांना हात लावू नये. कोल्चिसिन पेशींचे विभाजन रोखते. पूर्वी बाळंतपणाच्या कळा येण्यासाठी या कंदाचा लेप लावीत आणि त्यावरूनच ‘कळलावी’ हे नाव पडले, असे सांगतात. तो उपाय कोणी सुचवला तर हात जोडून नकार द्यावा. आयुर्वेदात ‘लांगली’ नावाने हिची गणना उपविषांत होते आणि शोधनानंतरच ती वापरतात. तो तज्ज्ञ वैद्यांचा विषय आहे, घरगुती प्रयोगाचा नव्हे.

आमच्या शेजारच्या काकूंचा आक्षेप निराळाच होता. कळलावी दारात लावली की घरात भांडणे लागतात, असे त्यांचे म्हणणे. भांडण झाले खरे, पण ते कुंडी कुणाच्या खिडकीखाली ठेवायची यावरून.

जागा निवडताना भाजीच्या वाफ्यापासून, आणि विशेषतः सुरण, हळद, आले, रताळी यांच्या वाफ्यांपासून वेल दूर ठेवावी. पहिल्या पावसानंतर आवारात टाकळा, कुर्डू अशा रानभाज्या उगवतात, तेव्हा कळलावीच्या आसपासची भाजी खुडायची नाही, हा नियम घरात सर्वांना सांगून ठेवावा. नवख्यांनी पहिली दोन वर्षे तरी कुंडीतच लावावी, म्हणजे कंद कुठे आहेत आणि किती आहेत हे नक्की ठाऊक राहते.

२. लागणारे साहित्य

कोपरापर्यंतचे नाही तरी मनगट झाकणारे जाड रबरी हातमोजे, फक्त याच कामासाठी राखून ठेवलेले, मुठीला लाल रंग लावलेले खुरपे, किमान १२ इंच रुंद आणि तेवढीच खोल, तळाला भोके असलेली कुंडी, लाल माती, जाडसर वाळू आणि चांगले कुजलेले शेणखत, बांबूच्या बारीक कामट्या किंवा तारेची जाळी, लाकडाची राख, झाकणाचा डबा आणि कोरडी वाळू, न पुसला जाणारा मार्कर आणि पत्र्याच्या किंवा प्लॅस्टिकच्या पट्ट्या. स्वयंपाकघरातील जुनी सुरी, फुटकी वाटी किंवा चाळणी या कामासाठी आणू नये. ‘नंतर धुऊन ठेवू’ म्हणून आणलेली वस्तू पुन्हा ओट्यावर पोहोचतेच.

३. कंद कुठून आणावा आणि कसा पारखावा

जंगलातून कंद उपटून आणू नये. औषधी म्हणून रानातील कळलावी बेसुमार खणली गेली आहे, आणि अभयारण्यातून वनस्पती काढणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हाही आहे. तमिळनाडूत बियांसाठी हिची शेतीच होते, त्यामुळे लागवडीतील कंद रोपवाटिकांकडे मिळू शकतात. एप्रिल-मे हा खरेदीचा काळ.

कंदाचा आकार इंग्रजी व्ही अक्षरासारखा किंवा काटकोनासारखा असतो, म्हणजे दोन लांबट भुजा एका सांध्याशी जोडलेल्या. ‘लांगल’ म्हणजे नांगर. संस्कृत नाव या आकारावरूनच आले. प्रत्येक भुजेच्या टोकाशी एकच फिकट, टोकदार डोळा असतो आणि सारी लागवड या डोळ्यावर अवलंबून असते. बटाट्याला अंगभर डोळे असतात, एक गेला तर दुसरा फुटतो. इथे तशी सोय नाही. डोळा मोडला की ती भुजा कितीही जाड, टणक आणि रसरशीत दिसली तरी बहुधा फुकट जाते. पहिल्या वर्षी मी सर्वांत मोठे कंद निवडून आणले होते आणि त्यांतील निम्म्यांची टोके पिशवीत घासून आधीच तुटलेली होती. म्हणून आकार नंतर पाहावा, आधी टोक. कंद टणक असावा, त्यावर मऊ काळे डाग नसावेत आणि वजन ५० ग्रॅमच्या आसपास असल्यास उत्तम. त्याहून बारीक कंद उगवतो, पण त्या वर्षी फुलेलच असे नाही.

एक खबरदारी नावाबद्दल. कळलावीला काही ठिकाणी ‘बचनाग’ही म्हणतात. खरा बचनाग, म्हणजे वत्सनाभ, ही हिमालयातील वेगळी वनस्पती असून तिचे विष हृदयावर फार लवकर परिणाम करते. खरेदी करताना आणि पुढे कधी डॉक्टरांना सांगताना ‘ग्लोरिओसा सुपर्बा’ हे शास्त्रीय नावच वापरावे. मी ते कुंडीवर, डब्यावर आणि फ्रिजच्या दारावर लिहून ठेवले आहे.

४. कंद वेगळे करणे

हे काम मे महिन्याच्या अखेरीस, लावणीच्या आदल्या आठवड्यात करावे. काही जण कंद काढल्या काढल्याच भुजा वेगळ्या करतात, पण जोडलेला कंद साठवणीत अधिक चांगला टिकतो असा माझा अनुभव आहे, कारण त्याला जखम कमी असते.

काम घराबाहेर, जुन्या वर्तमानपत्रावर आणि मुले शाळेत असताना करावे. हातमोजे घालून दोन्ही भुजा सांध्याजवळ धरायच्या आणि हलकेच विरुद्ध दिशांना वळवायच्या. पक्व कंद ताज्या मुळ्यासारखा कट्कन तुटतो आणि आत पांढरा, ओलसर गर दिसतो. कापावे लागलेच तर राखून ठेवलेल्या पात्यानेच कापावे. काम चालू असताना डोळे चोळू नयेत, घाम पुसू नये, तंबाखू किंवा सुपारी तोंडात टाकू नये. हाताला कापलेले असेल तर काम दुसऱ्या कुणाला द्यावे. जखमेच्या भागावर राख दाबून भुजा चार-पाच दिवस सावलीत सुकू द्याव्यात. हे सुकवणे लोक टाळतात आणि मग पहिल्याच जोरदार पावसात कंद सडतो.

ज्या भुजा मधोमध मोडल्या, त्यांच्या डोळा नसलेल्या तुकड्यांतून काहीही उगवत नाही. ‘बघू, लावून तर पाहू’ म्हणून ते इकडेतिकडे पुरून ठेवू नयेत. ते टाकून कसे द्यावेत हे पुढे सांगितले आहे.

एका भुजेतून हंगामाअखेर साधारणपणे दोन भुजांचा एक नवा कंद मिळतो. एकाचे दोन आणि दोनाचे चार, इतकाच या वाढीचा वेग आहे. त्यामुळे कंद मोजणे सोपे जाते, आणि ते मोजावेतच. माझ्या वहीत दरवर्षी लावलेल्या, निघालेल्या आणि वाटलेल्या कंदांचे आकडे आहेत.

५. लावणी

लाल माती, वाळू आणि शेणखत समप्रमाणात मिसळून कुंडी भरावी. कंद उभा खोचू नये. आडवा ठेवून वर दोन ते तीन इंच माती घालावी. डोळा कुंडीच्या मध्याकडे असावा, कारण कोंब तिथूनच वर येतो आणि कडेला आपटून वाकला की मोडतो. एका कुंडीत एक भुजा पुरे. जमिनीत लावायचे असल्यास दोन कंदांमध्ये दीड फूट तरी अंतर ठेवावे, आणि जमीन काळी असेल तर उंच गादीवाफा करून त्यात भरपूर वाळू मिसळावी, कारण पाणी धरून ठेवणाऱ्या मातीत हा कंद टिकत नाही.

सुरुवातीला एकदा माती ओली करावी आणि मग कोंब दिसेपर्यंत हात आखडता घ्यावा. उगवायला दोन ते चार आठवडे लागतात. कोकणातल्या मंडळींनी हा काळ कुंडी वळचणीखाली ठेवून काढावा, कारण जूनच्या पावसाची झड न उगवलेल्या कंदाला सोसत नाही. आणि ‘काय झाले बघू’ म्हणून माती उकरू नये. दुसऱ्या वर्षी मी उकरले, आणि मातीच्या अगदी खाली आलेला, बोटभर लांबीचा पांढराशुभ्र कोंब माझ्याच नखाने मोडला.

नावाची पट्टी लावणीच्या दिवशीच, त्याच तासात लावावी. त्यावर ‘विषारी – कळलावी’, शास्त्रीय नाव आणि कंदांची संख्या लिहावी.

६. आधार, पाणी आणि अळ्या

कळलावी पानांच्या टोकांनी चढते. पानाचे टोक लांब होऊन तणाव्यासारखे गुंडाळते. हा तणावा बारीक असल्याने जाड बांबूला किंवा लोखंडी नळीला त्याचा विळखा बसत नाही. बारीक कामट्या, सुतळी किंवा तारेची जाळी द्यावी, आणि ती लावणीच्या वेळीच रोवावी, म्हणजे नंतर काठी खुपसताना कंदाला भोक पडत नाही. वेल पाच-सहा फूट सहज जाते. देठ ठिसूळ असल्याने तिला जबरदस्तीने वळवू नये. सकाळचे ऊन आणि दुपारची विरळ सावली तिला मानवते.

पावसाळ्यात एखाद्या सकाळी पाने कुरतडलेली दिसतील आणि काळ्या अंगावर लाल-पांढरे ठिपके असलेल्या अळ्या आढळतील. माणसाला मारणारे विष या अळ्या खुशाल पचवतात. फवारणीची गरज नाही. हातमोजे घालून त्या वेचाव्यात आणि साबणाच्या पाण्यात टाकाव्यात. दोन दिवस दुर्लक्ष झाले तर मात्र वेलीचा नुसता सांगाडा उरतो.

७. फुले आणि शेंगा

जुलैपासून फुले येऊ लागतात. कळी खाली मान घालून असते. उमलताना तिच्या सहा लहरी पाकळ्या मागे वळतात आणि हिरव्यातून पिवळ्या, मग केशरी, मग लाल होत जातात. स्त्रीकेसराची दांडी तळाशीच काटकोनात बाहेर वळलेली असते, त्यामुळे स्वतःच्या परागांपासून ती दूर राहते. तमिळनाडूतील शेतकरी बियांसाठी हाताने परागीभवन करतात. आपल्याला घरी नेमके उलटे करायचे आहे: फूल कोमेजू लागले की देठासकट खुडून टाकायचे, म्हणजे शेंग धरत नाही. शेंग पिकून तीन फाकांत उकलली की आत डाळिंबाच्या दाण्यांसारखे लालकेशरी बी दिसते, आणि लहान मुलाच्या हाताला ते न खुणावेल तर नवल. शिवाय शेंगेत जाणारा जोर कंदाला मिळतो, हा लाभ वेगळा.

गौरीसाठी फुले काढल्यास ती नैवेद्याच्या ताटापासून, पंचामृतापासून आणि पत्रीच्या टोपलीपासून वेगळी ठेवावीत. फुलदाणीतले पाणी जनावरांच्या भांड्यात ओतू नये. निर्माल्यात मिसळलेली ही फुले गाईपुढे जाणार नाहीत, याची काळजी घ्यावी.

८. बियांपासून रोपे

नवख्यांनी या वाटेला जाऊ नये. बी कित्येक महिने सुप्त राहते, उगवण एकसारखी होत नाही आणि फुलासाठी तीन-चार वर्षे थांबावे लागते. तेवढ्या काळात घरभर विषारी बी सांभाळण्याचा व्याप कंदांपेक्षा कितीतरी मोठा आहे.

९. कंद काढणे आणि साठवणे

ऑक्टोबरनंतर वेल पिवळी पडते आणि पुढे सुकून जाते. ती पूर्ण वाळल्यावर दोन-तीन आठवडे पाणी बंद ठेवावे आणि मग कुंडी वर्तमानपत्रावर उपडी करावी. जमिनीतील कंद वीतभर अंतर सोडून बाहेरून खणत आणावेत. जुना कंद कागदासारख्या सालीपुरता उरलेला असतो आणि शेजारी नवा तयार असतो. कंद धुवू नयेत. माती झटकून आठवडाभर सावलीत सुकवावेत.

सुकवण्याच्या या पायरीवरच माझी ती चूक झाली. तिसऱ्या वर्षी बारा कंद मी मागच्या पडवीत सुपात पसरून ठेवले होते आणि कामाच्या नादात ते आठवडाभराऐवजी दोन महिने तिथेच राहिले. महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी बाजारातून आलेली रताळी आईने त्याच पडवीत ओतली. संध्याकाळी ती विळी घेऊन बसली होती. मी आत शिरलो तेव्हा तिच्या हातात काटकोनात वाकलेला एक कंद होता आणि ती म्हणत होती, “अरे, हे रताळं असं मोडक्या पायासारखं का रे? आणि याला वासही नाही.” परातीत आधीच सोललेली चार-पाच रताळी पाण्यात पडली होती. ती सगळी परात, पाण्यासकट, आम्ही टाकून दिली. कंद मोजले तेव्हा बारा भरले. पण ते मोजेपर्यंतची दहा मिनिटे मी अजून विसरलेलो नाही. श्रीलंकेतील वैद्यकीय नोंदींत रताळी समजून हे कंद खाल्ल्याने झालेल्या विषबाधा आहेत, हे मी नंतर वाचले.

तेव्हापासूनची आमची पद्धत अशी. कंद सुकवायचे ते जाळीच्या बंद पिंजऱ्यात, घराबाहेर. सुकताच ते झाकणाच्या डब्यात कोरड्या वाळूत, एकमेकांना न टेकता ठेवायचे. झाकणाला हवेसाठी बारीक भोके असावीत. डब्यावर लाल रंगात ‘विष’, कवटीचे चित्र आणि कंदांची संख्या. चित्र अशासाठी की घरी कामाला येणाऱ्या मावशींना वाचता येत नाही. हा डबा अवजारांच्या कुलूपबंद कपाटात राहतो. स्वयंपाकघर, फडताळ, धान्याची कोठी किंवा कांदे-बटाटे ठेवण्याची जागा यांपैकी कुठेही तो कधीच जात नाही. कुणाला कंद भेट द्यायचा तर साध्या पिशवीतून देऊ नये. चिठ्ठी चिकटवलेल्या बंद डब्यातून द्यावा आणि घेणाऱ्याच्या घरी लहान मूल आहे का, हे आधी विचारावे. मी दोघांना नाही म्हटले आहे, आणि त्यांतला एक अजून रुसलेला आहे.

१०. टाकाऊ भाग

वाळलेल्या वेली, मोडके कंद, साली आणि शेंगा ओल्या कचऱ्यात टाकू नयेत. सोसायट्यांतील आणि गावांतील ओला कचरा पुष्कळदा जनावरांपुढे जातो. भाजीच्या वाफ्यासाठीच्या खतातही ते मिसळू नयेत. दोन फूट खोल खड्डा करून पुरावेत आणि वर दगड ठेवावा, म्हणजे कुत्री उकरत नाहीत. वापरलेले वर्तमानपत्रही त्याच खड्ड्यात जाऊ द्यावे. शेवटी हातमोज्यांसकट हात साबणाने धुवावेत, मग मोजे काढून पुन्हा धुवावेत.

११. चुकून पोटात गेले तर

सर्वांत फसवी गोष्ट ही की, पहिले काही तास माणूस ठणठणीत दिसतो. साधारण दोन ते बारा तासांत तोंडात व घशात जळजळ, उलट्या, पोटदुखी आणि जुलाब सुरू होतात, आणि ते शिळ्या अन्नाचे समजून घरीच ओवा-लिंबू चालू राहते. पुढे एक-दोन दिवसांत मूत्रपिंड, यकृत, हृदय आणि रक्त तयार होण्याची क्रिया यांवर परिणाम होऊ लागतो. या विषावर सहज मिळणारा असा खास उतारा नाही. लवकर पोहोचणे हाच उपाय.

म्हणून लक्षणांची वाट पाहू नये. मीठ-पाणी पाजून किंवा घशात बोट घालून उलटी करवू नये; तूप किंवा दूध पाजण्यातही वेळ घालवू नये. १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी किंवा मिळेल त्या वाहनाने अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयात जावे. दिल्लीच्या एम्समधील राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा १८०० ११६ ११७ हा निःशुल्क क्रमांक चोवीस तास चालू असतो. तो आपल्या डॉक्टरांनाही द्यावा. ‘ग्लोरिओसा सुपर्बा, कोल्चिसिन’ हे दोन शब्द, किती खाल्ले आणि किती वाजता, एवढे कागदावर लिहून न्यावे. उरलेला कंद किंवा बी पिशवीत बांधून सोबत घ्यावे. रुग्णाला बरे वाटते म्हणून डॉक्टरांनी सांगण्याआधी घरी आणू नये. आणि निघण्यापूर्वी डबा उघडून कंद मोजावेत, म्हणजे घरातल्या आणखी कुणाच्या पोटात तो गेला आहे का, हे तिथल्या तिथे कळते.